पिशव्यांनाही थंडी वाजते!

दोस्तांनो, दळण आणायला गिरणीत कधी गेला असाल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. दळलेलं पीठ खाली डब्यात येतं ते उघड्यावर धबाधबा पडत नाही. गिरणीच्या तोंडाला एक लांबट कापडी पिशवी बांधलेली असते, दोन्हीकडून उघडी. पीठ तिच्यातून डब्यात उतरतं. आणि गिरणीवाले काका मधूनमधून त्या पिशवीवर एक चापट मारतात. का बरं?

दगड गरागरा फिरतात तेव्हा पिठाबरोबर हवासुद्धा बाहेर ढकलली जाते. ही हवा कापडाच्या विणीतून निघून जाते आणि पीठ आत राहतं. पण थोडं पीठ कापडाला चिकटतं, विणीतली बारीक भोकं बुजतात, हवेला वाट मिळेनाशी होते. मग काकांची चापट! चिकटलेलं पीठ झडतं आणि पिशवी पुन्हा श्वास घेऊ लागते.

एवढं लक्षात आलं असेल, तर आजचं अवाढव्य यंत्र तुम्हाला अर्धं समजलंच म्हणा.

आता अशी एक पिशवी मनातल्या मनात तीन मीटर लांब करा. जाड, लोकरीच्या नमद्यासारख्या कापडाची. तिच्या आत तारांचा सांगाडा घाला, म्हणजे ती चपटी होणार नाही. अशा शेकडो पिशव्या एका उंच लोखंडी खोलीत शेजारी शेजारी टांगा. एका मोठ्या पंख्याने कारखान्यातली धुळकट हवा या खोलीत ओढून आणा. हवा पिशव्यांच्या बाहेरून आत शिरते, धूळ बाहेरच्या अंगाला अडकते, आणि स्वच्छ हवा वरच्या तोंडाने निघून जाते. (गिरणीच्या बरोब्बर उलटं, बरं का! तिथे पीठ आतल्या अंगाला असतं.) झडलेली धूळ खाली एका भल्या थोरल्या नरसाळ्यात पडते. त्याला म्हणतात हॉपर. या सगळ्या प्रकाराला कारखान्यात ‘बॅगहाउस’ किंवा ‘बॅग फिल्टर’ म्हणतात. सिमेंट, पोलाद, खडी, लाकूड, धान्य, जिथे जिथे धूळ तिथे तिथे हे यंत्र लागतंच.

आपल्याला आज जायचं आहे कॅनडात. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाकूड कापायच्या प्रचंड गिरण्या आहेत, म्हणजे सॉ-मिल्स. ओंडके एका बाजूने आत जातात आणि दुसऱ्या बाजूने फळ्या बाहेर येतात. मधल्या सगळ्या करवतींतून भुसा उडत असतो. जाड भुसा खाली पडतो, त्याची फारशी भीती नाही. भीती असते ती मैद्यासारख्या बारीक पुडीची. ती हवेत तरंगते, तुळयांवर, दिव्यांवर, यंत्रांच्या मागे जाऊन बसते.

भीती कसली? लाकडाचा ओंडका पेटवायचा तर किती खटाटोप करावा लागतो, ते शेकोटी पेटवणाऱ्याला विचारा. पण त्याच लाकडाची पूड हवेत पसरलेली असली, तर प्रत्येक कणाभोवती जाळायला भरपूर ऑक्सिजन असतो. एक ठिणगी पडायचा अवकाश, सगळे कण जवळजवळ एकदम पेटतात. हा झाला स्फोट. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या स्फोटाचा धक्का तुळयांवर बसलेली सगळी धूळ खाली हवेत उडवतो, आणि मग दुसरा, त्याहून मोठा स्फोट होतो.

२० जानेवारी २०१२ या दिवशी रात्री आठच्या सुमारास, ऐन थंडीत, या प्रांतातल्या बर्न्स लेक गावाजवळच्या लाकूड गिरणीत नेमकं हेच झालं. दोन कामगार गेले, वीस जखमी झाले. तीनच महिन्यांनी, २३ एप्रिलला, प्रिन्स जॉर्ज शहरातल्या दुसऱ्या गिरणीत तसाच स्फोट. तिथेही दोघे गेले, बावीस जखमी झाले. त्या वर्षांत तिथल्या जंगलांत एका भुंगेऱ्याने पाइनची झाडं उभ्या उभ्या मारून टाकली होती. असं वाळलेलं लाकूड कापलं की धूळ जास्त बारीक आणि जास्त कोरडी पडते. बर्न्स लेकला धूळयंत्र गोठलं म्हणून स्फोट झाला, असं मात्र समजू नका हां. पण धूळ आवरायची व्यवस्था पुरेशी नव्हती, असं चौकशीत निघालं. धूळ ओढणारं यंत्र थंडीत बंद पडू देणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना त्यानंतर समजावून सांगायची गरज उरली नाही.

तुम्ही म्हणाल, मग ते यंत्र कारखान्याच्या आत, उबेला ठेवा की! गोठायचा प्रश्नच नाही.

इथेच तर खरी पंचाईत आहे. यंत्राच्या पोटात बारीक लाकडी पूड आणि हवा अगदी एकत्र असतात. उद्या चुकून त्यातच ठिणगी गेली, तर? म्हणून ते शक्यतो इमारतीच्या बाहेर, माणसांपासून लांब उभं करतात. त्याच्या भिंतीत एक-दोन जागी मुद्दाम नाजूक पत्रे बसवतात. आत स्फोट झालाच, तर हे पत्रे आधी फुटतात आणि ज्वाळा मोकळ्या जागेकडे निघून जाते, बाकीचं यंत्र फाटत नाही. मजा बघा, इथे भिंतीचा कमकुवतपणा हाच तिचा गुण! आणि म्हणूनच त्या पत्र्यांवर साचलेला बर्फ वरचेवर काढावा लागतो. वर बर्फाचं ओझं असलं, तर पत्रा वेळेवर उघडणार कसा?

म्हणजे स्फोटाच्या भीतीने यंत्र बाहेर, आणि बाहेर उणे तीस अंशांची थंडी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे वर्तमानपत्रांत फोटो येतात. तिथे बादलीतलं पाणी दगड होतं.

पण थांबा. या यंत्रात तर पाणी नाहीच! कोरडी धूळ, कोरडं कापड, पंखा आणि हवा. मग गोठतं काय?

याचं उत्तर काकांच्या चापटीत आहे. शेकडो पिशव्यांना चापट्या मारायला कुठून आणणार इतके काका? त्याऐवजी प्रत्येक ओळीच्या वर एक नळी असते. तिच्यातून दाबलेल्या हवेचा एक झटका पिशव्यांच्या तोंडात सोडतात. फट्! सेकंदाचा साधारण दहावा भाग. पिशवी वरपासून खालपर्यंत फुगते, धुळीचा थर सुटतो आणि हॉपरमध्ये कोसळतो. थोड्या वेळाने पुढच्या ओळीला फट्! चालू बॅगहाउसजवळ उभं राहिलं की हा आवाज ठरावीक वेळाने ऐकू येत राहतो. ही दाबलेली हवा देतो कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याकडे असतो ना, त्याचाच थोरला भाऊ.

आणि पाणी येतं ते या कॉम्प्रेसरमधून! जरा वही-पेन्सिल घ्या, हिशेब करू.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असं हवेचं एक खोकं घ्या. तापमान २० अंश असेल, तर या खोक्यात जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. शून्य अंशाला सुमारे ५ ग्रॅम. उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम. हवा जितकी गार, तितका तिचा खिसा लहान.

आता २० अंशांच्या, अर्धा खिसा भरलेल्या हवेची आठ खोकी घ्या. प्रत्येकात साडेआठ ग्रॅम, म्हणजे एकूण ६८ ग्रॅम वाफ. कॉम्प्रेसर या आठ खोक्यांची हवा दाबून एकाच खोक्यात कोंबतो. दाबताना ती तापते, मग पुन्हा २० अंशांवर येते. पण खिसा काही आठपट झाला नाही! एका खोक्यात मावणार १७ ग्रॅमच. उरलेले ५१ ग्रॅम? त्यांचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. मिनिटाला आठ खोकी हवा गिळणारा कॉम्प्रेसर काही फार मोठा नव्हे. त्याच्या पोटी तासाला तीन लिटर पाणी जमा होतं. दिवसरात्र चालला, तर सत्तर लिटरच्या वर. आंघोळीच्या चार बादल्या, आणि त्याही नुसत्या हवेतून!

हे पाणी तळाचा कॉक उघडून काढून टाकता येतं. टाकायलाच हवं. पण गोष्ट इथे संपत नाही. हवेत उरलेली १७ ग्रॅम वाफ अजून हवेतच आहे. ती उबदार खोलीतून नळीवाटे बाहेर निघते, उणे वीसमध्ये. तिथे खिसा एका ग्रॅमचा! उरलेले सोळा ग्रॅम जातात कुठे? नळीच्या आत बर्फ होऊन चिकटतात. शिवाय दाबलेली हवा मोकळी सुटताना आणखी गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हला बोट लावून बघा, गारेगार लागतो. म्हणजे झटका सोडणारा व्हॉल्व्ह हीच सगळ्यांत गार आणि सगळ्यांत नाजूक जागा.

त्या व्हॉल्व्हमध्ये असतो एक रबरी पडदा आणि त्याला हलवणारी एक बारीकशी वाट. तिथे बर्फाचा एवढासा खडा अडकला, की दोनपैकी एक घोटाळा होतो. पडदा मिटलेलाच राहिला, तर त्या ओळीला चापट मिळत नाही आणि पिशव्या बुजतात. पडदा उघडाच राहिला, तर आणखी वाईट. सगळी दाबलेली हवा त्या एकाच वाटेने फुसफुसत निघून जाते आणि इतर ओळींसाठी जोरच उरत नाही. तांदळाएवढ्या बर्फाने शेकडो पिशव्या बंद! रबरही थंडीत कडक होतं, म्हणून गार प्रदेशांसाठी वेगळ्या रबराचे पडदे मिळतात. पण नुसत्या चांगल्या रबराने भागत नाही, हवेतलं पाणी काढावंच लागतं.

ते कसं काढतात? एक सोपा प्रकार म्हणजे हवेला फ्रिजसारख्या यंत्रातून नेऊन सुमारे ३ अंशांपर्यंत गार करायचं. तोवरचं पाणी तिथेच गळतं. हे आपल्या हवामानात छान चालतं, पण कॅनडाच्या हिवाळ्यात कुचकामी. ३ अंशांपर्यंत सुकवलेली हवा उणे तीसच्या नळीत शिरली की पुन्हा बर्फ आहेच. त्याहून जास्त गारही करता येत नाही, कारण मग त्या यंत्राच्या आतच बर्फ होईल. म्हणून तिथे दुसरी युक्ती वापरतात. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ असं लिहिलेली एक इवलीशी पुडी मिळते, आठवतं? तिच्यात सिलिका जेलचे दाणे असतात. ते हवेतली वाफ शोषून घेतात. तसल्याच दाण्यांनी भरलेले माणसाहून उंच असे दोन खांब शेजारी शेजारी उभे करतात. हवा एका खांबातून जाते, तोपर्यंत दुसऱ्यातले भिजलेले दाणे वाळवून घेतात. मग पाळी बदलते. त्यातून निघालेली हवा इतकी कोरडी असते, की उणे ४० अंशांपर्यंत गार केली तरी तिच्यातून पाणी सुटत नाही. उणे ४० हा आकडा मोठा गमतीचा आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापं त्या एकाच ठिकाणी जुळतात.

बाकीच्या खबरदाऱ्या साध्याच आहेत, पण डोक्याने केलेल्या. हवेच्या मोठ्या नळीला फाटा काढायचा तो वरच्या अंगाने, म्हणजे तळाशी वाहणारं पाणी फाट्यात उतरत नाही. नळीला उतार द्यायचा आणि उताराच्या टोकाला पाणी काढायचा कॉक. त्या कॉकलाही ऊब द्यायची, नाहीतर पाणी काढायची जागाच आधी गोठायची! मला स्वतःला महागड्या यंत्रांपेक्षा हा वरून काढलेला फाटा जास्त आवडतो. त्याला ना वीज लागते, ना देखभाल.

पाणी यायची दुसरी वाट म्हणजे खुद्द धुळकट हवा. कारखान्यातली हवा उबदार असते, आणि ओल्या लाकडाची किंवा खडीची वाळवण चालू असली तर तिच्यात भरपूर वाफ असते. ती गार पत्र्याला भिडली की पत्रा आतून घामेजतो. पाणी अधिक धूळ म्हणजे चिखल! तो पिशवीवर थापला गेला की वाळून खपली धरतो, मग कितीही फट् फट् करा, निघत नाही. हॉपरमध्ये धूळ ओली होऊन गोठली की तिची कमान बनते आणि वरची धूळ खाली उतरतच नाही. मग कुणीतरी वैतागून बाहेरून हातोडा मारतं. धूळ तेवढ्यापुरती पडते, पण पत्र्याला पोचे येतात, आणि पुढच्या वेळी धूळ त्या पोच्यांवरच अडते.

म्हणून सगळ्या यंत्राला गोधडी पांघरतात. खडकाच्या तंतूंची जाड गादी आणि तिच्यावर पत्रा. हॉपरभोवती गरम तारा. ही गोधडी अखंड हवी. गरम चहात स्टीलचा चमचा ठेवला की त्याचं टोकही तापतं ना? तसाच गोधडीतून बाहेर डोकावणारा एखादा लोखंडी आधार आतली ऊब बाहेर पळवतो, आणि नेमक्या त्या जागी आतून पाणी धरतं. वाफाळ हवा ओढणारं यंत्र सकाळी सुरू करताना आधी गरम हवा फिरवून आतला पत्रा तापवतात, मगच काम सुरू. संध्याकाळी काम थांबलं, तरी पंखा लगेच बंद करत नाहीत. आतली दमट हवा बाहेर जाईपर्यंत तो फिरू देतात. घाईने बटण दाबून घरी पळालं, की रात्रभरात तीच दमट हवा पिशव्यांवर बर्फ होऊन बसते.

आता एक फसवणूक सांगतो. पिशव्या किती बुजल्या आहेत, हे दाखवायला एक घड्याळासारखं मापक असतं. पिशव्यांच्या बाहेरच्या आणि आतल्या दाबात किती फरक आहे, ते त्याचा काटा दाखवतो. पिशव्या बुजल्या की काटा वर चढतो. पण हा दाब मापकापर्यंत नेणाऱ्या नळ्या असतात बोटापेक्षा बारीक. त्यांतच पाणी गोठलं तर? काटा कालच्याच जागी थिजून राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, वा! आज सगळं कसं शांत आहे. म्हणून अनुभवी माणूस काटा हलताना दिसला की निश्चिंत होतो आणि हलत नसला की उठून बाहेर जातो. फट् ऐकू येतं का, हॉपरमधून धूळ पडते का, ते स्वतः बघतो.

आणि तरीही काही गोठलंच, तर? पेटती ज्योत जवळ न्यायची नाही. कितीही घाई असो. आत लाकडाची पूड आहे, हे विसरायचं नाही. यंत्र थांबवायचं, वीज आणि दाबलेली हवा दोन्ही तोडायची, आणि गोठलेला भाग उबेच्या खोलीत नेऊन हळूहळू वितळवायचा. तोवर करवतीही बंद. मालकाला ते रुचत नाही, कारण प्रत्येक तासाचे पैसे बुडतात. पण करवती चालू आणि धूळयंत्र बंद, असं काही तास चाललं तर तुळयांवर काय साचतं ते आपण वर पाहिलंच.

आपल्या महाराष्ट्रात बर्फाची ही चिंता नाही. पण पाणी तेच! चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या कारखान्यांतही बॅगहाउस असतात, आणि पावसाळ्यात हवेचा खिसा काठोकाठ भरलेला असतो. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी कमी नव्हे, जास्तच साचतं. ते गोठत नाही, सरळ झटक्याबरोबर पिशव्यांवर फवारलं जातं. सिमेंटवर पाणी पडलं की काय होतं, ते घर बांधताना पाहिलं असेलच.

तुमच्या घरातली हवा किती गार केली की पाणी सोडते, हे मोजायचंय? विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना विचारून प्रयोगशाळेतला थर्मामीटर घ्या. स्टीलचा चकचकीत पेला कोरडा पुसून त्यात साधं पाणी घाला. मग बर्फाचे छोटे छोटे तुकडे एकेक करून टाका आणि चमच्याने हलवत राहा. थर्मामीटरने मात्र ढवळू नका, फुटेल. पेल्याची चमक बाहेरून जिथे पहिल्यांदा धुरकट होईल, त्या क्षणाचं तापमान लिहून ठेवा. तोच तुमच्या खोलीचा दवबिंदू. एकदा डिसेंबरात करा, एकदा जुलैत करा. कोकणातल्या आणि विदर्भातल्या दोस्तांचे आकडे सारखे येणार नाहीत. आकडा, तारीख आणि गावाचं नाव पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा. पुरेशी कार्डं आली, तर याच पानावर तक्ता छापू.